तारीख विचारत जा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सर्गियेव्ह पोसादच्या मठात चित्रकार रुब्लेवच्या ‘त्रैक्य’ आयकॉनसमोर, त्या पूजेच्या चित्रासमोर, तुझे डोळे भरून आले, आणि त्याच रात्री गुलागबद्दल, सोव्हिएत काळातल्या त्या सक्तमजुरीच्या छावण्यांबद्दल, वाचताना झोप उडाली. दोन्ही एकाच देशाचं कसं, या ‘रशियन आत्म्या’त आहे तरी काय, असं विचारतेस. अगं, आत्मा राहू दे. तारीख विचार.

आयकॉन पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, एवढं लिहून तू थांबलीस. पुढचं कोण विचारणार? तुला दिसले ते रंग शेकडो वर्षं कुणालाच दिसत नव्हते. काजळी, काळवंडलेलं वार्निश, वेळोवेळी चढवलेले रंग आणि वर सोन्याचं कवच. १९०४ मध्ये साफसफाई सुरू झाली, पुरी झाली १९१८-१९ मध्ये. कादंबरीकार दस्तयेवस्की १८८१ मध्येच गेला. ज्याला तू या आयकॉनशेजारी बसवतेस, त्यानं हे रंग पाहिलेलेच नाहीत! आणि त्याच १९१९ मध्ये क्रांतीनंतरच्या नव्या सरकारनं त्याच मठातल्या संत सर्गेईच्या अस्थी उघड्या करून लोकांपुढे मांडल्या. पुढच्या वर्षी मठ बंद. आयकॉन उजळणारं आणि मठाला कुलूप घालणारं सरकार एकच. १९२९ मध्ये आयकॉन मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत, म्हणजे चित्रसंग्रहालयात, गेला, २०२४ मध्ये, जतन करणाऱ्या तज्ज्ञांच्या हरकती असताना, मठात परतला. यातल्या कुठल्या वर्षीचा आत्मा तुला हवाय?

मॉस्कोतल्या नदीकाठच्या सोनेरी घुमटाच्या कॅथेड्रलला तू ‘प्राचीन’ म्हटलंस. मूळ इमारत डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंगानं उडवली, १९६० पासून तिथं पोहण्याचा तलाव होता. तू पाहिलीस ती पुन्हा बांधलेली वास्तू वयानं तुझ्याहून फार मोठी नाही.

सुरिकोव्हच्या ‘मोरोझोव्हा’ या चित्राबद्दल मात्र तू एक ओळही लिहू नयेस याचा राग आला. बर्फातून घसरगाडीवर साखळदंडात नेली जाणारी ती सरदारीण, आणि तिची वर गेलेली दोन बोटं! सतराव्या शतकात रशियन चर्चचा प्रमुख निकोननं अंगावर क्रूसाची खूण करताना तीन बोटं जुळवायचा हुकूम केला. तिनं दोन सोडली नाहीत. १६७५ मध्ये बोरोव्स्कच्या कैदेत उपासमारीनं मेली. पण चित्राची तारीख विचारलीस? १८८७. निकोनचे बदल न मानणाऱ्या, जुन्या श्रद्धेच्या लोकांवरचे निर्बंध तेव्हाही होते. धर्मसहिष्णुतेचा हुकूम निघाला १९०५ मध्ये. म्हणजे चित्रकार पुराणकथा रंगवत नव्हता, चालू प्रकरण रंगवत होता. गर्दीतला तो अनवाणी फाटका साधू बघ, तोही दोन बोटं उंचावतोय. तिथं अर्धा तास काढला असतास तर मला असं पत्र लिहावं लागलं नसतं.

माझ्या बरोबरीच्यांनी आठ दिवसांत मॉस्को-लेनिनग्राड उरकून जाडजूड प्रवासवर्णनं लिहिली. मी पुन्हा पुन्हा गेलो, लिहिलं काहीच नाही, आणि आळशी ठरलो. ठरू दे. ‘रशियन माणूस मुळातच असा असतो’ हे वाक्य माझ्या हातून उतरलं नाही, एवढं मला पुरतं. खंत आहे ती वेगळीच: चर्चमध्ये तासन्‌तास उभा राहिलो, पण उपासनेची स्लाव्होनिक भाषा शिकायची राहून गेली. तुझं वय आहे, शिक.

आणि तारीख विचारताना पंचांग कुठलं तेही विचार. दस्तयेवस्कीला गोळ्या घालण्याच्या नाटकासाठी चौकात उभं केलं ते रशियाच्या जुन्या पंचांगानं २२ डिसेंबर १८४९ ला. आपल्या कॅलेंडरनं जानेवारी १८५० उजाडला होता. त्याच पंचांगामुळे रशियन चर्चचा नाताळ आजही ७ जानेवारीला. हा किरकोळ हिशेब वाटतो? त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात चौलला उतरला, पावसाळा त्यानं जुन्नरला काढला. धर्माची पुस्तकं वाटेत व्होल्गावर लुटली गेलेली. ईस्टर कधी, उपास कधी, कळेना. आपल्याच मुलखात बसून तो त्यासाठी कळवळला, अंदाजानं उपास धरले. माल बुडाल्यापेक्षा हे दुःख त्यानं जास्त मनापासून लिहिलंय.

म्हणून या रविवारी मॉस्कोत रोगोझ्स्कोयेला जा. जुन्या श्रद्धेच्या लोकांचं चर्च आहे. डोक्याला रुमाल बांध, लांब स्कर्ट घाल, फोन पिशवीत. मेणबत्त्यांच्या टेबलाशी कुणी म्हातारी असेल, तिला विचार, वेदीला सील कधी ठोकलं आणि कधी काढलं. उत्तर आहे १८५६ आणि १९०५. तरी विचार, आणि मधली एकोणपन्नास वर्षं लोकांनी काय केलं हेही विचार.

तुझा काका