"अंगावरचं दूध पातळ आहे, पुरत नाही"

दूध पुरत नाही, ही माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणींची सर्वात मोठी तक्रार. त्यातल्या बऱ्याच जणींना दूध भरपूर असतं. विश्वास तेवढा नसतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी काढून घेतलेला असतो.

सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन सासू-सून आल्या होत्या. बोलत होत्या त्या सासूबाई. पिशवीतून झाकणाची स्टीलची वाटी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. आत सुनेचं पिळून काढलेलं दूध. "बघा ताई, नुसतं पाणी. निळसर दिसतंय. संध्याकाळी पोर रडून घर डोक्यावर घेतं. डब्याचं दूध सुरू करू का?"

वाटी बाजूला ठेवून मी आधी वजनाचं कार्ड मागितलं. जन्माला २.८ किलो, आज ३.८. दिवसाला किती लंगोट ओले होतात, असं विचारलं तर सुनेच्या आधी काकूच म्हणाल्या, "मोजतंय कोण? वाळत घालायला दोरी पुरत नाही." अहो, मग हेच तर उत्तर! चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले आणि दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ, एवढं असेल तर दूध पोचतंय. वाटीत पिळून बघण्यावरून काही कळत नाही. बाळ ओढतं तसं हाताने येत नाही.

आता तो पातळपणा. आईच्या दुधात ८७ टक्के पाणी असतंच. प्रथिनं जेमतेम एक टक्का, गाईच्या दुधात त्याच्या तिप्पट. वासराला झपाट्याने वाढायचं असतं, आपल्या बाळाला सावकाश. शिवाय या दुधात बाळाला स्वतःला न पचणाऱ्या खास शर्करा असतात. त्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाणं. हे डोळ्यांना दिसत नाही, दाटपणावरून तर अजिबात नाही.

काकूंना मात्र दाटपणाच बघायचा होता. म्हणून सुनेला तिथेच पाजायला बसवलं. बाळाने मन भरून पिऊन स्वतः तोंड सोडलं, तेव्हा त्याच बाजूचे चार थेंब दुसऱ्या वाटीत काढायला लावले. ते पांढरेशुभ्र, घट्ट. काकूंनी दोन्ही वाट्या खिडकीपाशी नेऊन शेजारी धरल्या. छाती भरलेली असते तेव्हा स्निग्धांश कमी, रिकामी होत जाते तसा तो वाढत जातो. सून मोबाइलवर दहा मिनिटं लावून बाळाला दुसऱ्या बाजूला घेत होती. घड्याळ बंद कर, म्हटलं. एक बाजू त्यानं सोडली की दुसरी दे.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी पाजण्याआधी आणि नंतर वजन करून ७१ बाळांचं चोवीस तासांचं दूध मोजलं. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सरासरी जवळपास ७९० ग्रॅम, पण कुणी पाचशेच्याही खाली पीत होतं, कुणी १२००च्याही वर, आणि सगळी बाळं व्यवस्थित वाढत होती. छातीत असलेल्या दुधापैकी बाळं सरासरी दोन तृतीयांशच पीत होती. शेजारणीच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना मी हे आकडे हटकून सांगते.

"पण आता छाती पूर्वीसारखी भरत नाही," सून पहिल्यांदाच बोलली. सहाव्या आठवड्याच्या सुमारास असंच होतं. सुरुवातीचा ताठरपणा जातो, दूध बाळाच्या मागणीनुसार तयार होऊ लागतं. रडणंही याच सुमारास सर्वात जास्त असतं आणि संध्याकाळी बाळ सारखं प्यायला मागतं. नेमकी तेव्हा बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढतं, दूध साठून राहतं आणि शरीर उत्पादन कमी करतं. मग खरंच पुरत नाही.

आळिवाची खीर चालू ठेवायची का, हे काकूंनी विचारलंच. ठेवा की! दूध वाढतं ते पाजण्याने, पण त्या निमित्ताने बाईला बसून गरम खायला मिळतं, ते मी कशाला बंद करू? मात्र लघवी कमी झाली, बाळ मलूल वाटलं, प्यायला उठेना किंवा वजन थांबलं, तर खिरीवर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरज असेल तिथे वरचं दूधही द्यावं लागतं, त्यात आईचा काही दोष नसतो.

पुढच्या वेळी वजन वाढलेलं होतं. काकू काट्याकडे बघून मानेनंच हो म्हणाल्या आणि लगेच दुसरा विषय काढला, "गुटी मधातून दिली तर चालेल ना?" डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सहा महिने वरचं काहीच नको, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही. त्यावर आमचा पुन्हा अर्धा तास गेला.