आईला हॉस्पिसमध्ये ठेवलंय. तिथली सेवा खरंच चांगली आहे, हे ओळखायचं कसं?

हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसाची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं केंद्र. ज्यांच्या घरातलं माणूस शेवटच्या आजारात आहे, अशी कुटुंबं माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. "केंद्रातली माणसं गोड बोलतात, जागाही स्वच्छ आहे. पण आमची पाठ वळल्यावर तिथे काय होतं? सेवा चांगली की वाईट, हे आमच्यासारख्यांना कळणार कसं?" डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो. केंद्रात विचारावं तर त्यांना राग येईल आणि तो आजाऱ्यावर निघेल, ही भीती. मग हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकापुढे येतो.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा अनुभव इथे सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंच्या आईला स्तनाचा कर्करोग. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, उपचार झाले, पण पुढे आजार मणक्यात उतरला. आता केमोचा उपयोग नाही, त्रास कमी ठेवणं एवढंच हाती आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानेच चौकशी करून एक खासगी, पैसे घेणारं केंद्र शोधलं. ताईंची शाळा, वहिनीच्या पदरी दोन लहान मुलं, आईला उचलायला-बसवायला घरात दुसरं कोणी नाही. निर्णय मुळीच अविचारी नव्हता. तरी माझ्यासमोर बसल्या बसल्या ताई म्हणाल्या, "आईला मी तिथे टाकून आले."

त्यांच्याकडे एक वही होती. तारखेवार तक्रारी लिहिलेल्या. सलाईन लावत नाहीत. दोन घास पेज खाऊन आईने मान फिरवली की ताट उचलतात, आग्रह करत नाहीत. ब्लडप्रेशर रोज बघत नाहीत. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं, अफूपासूनचं औषध) देतात, त्याची सवय लागेल, शिवाय ती झोपूनच राहते. भावाचं म्हणणं याच्या अगदी उलट. "सगळं व्यवस्थित चाललंय, तू उगाच खुसपटं काढतेस." दोघांतलं बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं.

मनात अपराधीपणा घेऊन माणूस पाहणी करायला लागला की असंच होतं. कुणाला जिथे तिथे खोट दिसते, कुणाला खोट दिसलेली परवडतच नाही. ताई आणि त्यांचा भाऊ, दोघंही आईवरच्या मायेपोटीच तसं वागत होते. आणि केंद्रातली खरी खोट दोघांच्याही नजरेतून सुटली होती.

आधी वहीतल्या तक्रारींबद्दल. शेवटच्या आठवड्यांत भूक मंदावते, ती आजारामुळे. आग्रहाने भरवलेला घास ठसक्याला, ओकारीला कारण होतो. सलाईनचंही तसंच. थकलेल्या शरीराला ते पाणी बाहेर टाकता येत नाही. पायांवर सूज चढते, छातीत घरघर वाढते. त्यापेक्षा ओठ आणि जीभ सारखी ओली ठेवणं, मागेल तेव्हा चमचाभर सोलकढी किंवा पेजेचं पाणी देणं, यात आजाऱ्याला जास्त आराम असतो. ब्लडप्रेशरच्या आकड्यावरून उपचारात काही बदलणार नसेल, तर दंडाला रोज पट्टा आवळून काय साधणार? मॉर्फिनने पहिले काही दिवस गुंगी येते, ती बहुधा ओसरते. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल ही भीती आपल्याकडे घरोघर आहे, आणि तिच्यापायी कितीतरी माणसं नाहक कळा सोसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

हे सगळं त्यांना पटवून झालं आणि मी वेगळाच प्रश्न विचारला. आई सकाळी कशी असते?

शाळेमुळे ताई संध्याकाळी भेटायला जायच्या. रविवारी मात्र सकाळीच पोचायच्या. जरा थांबून त्या म्हणाल्या, "सकाळी तिने चादरीची कड दोन बोटांत घट्ट धरलेली असते. सोडवली तरी परत धरते. पुसून काढायला गेलं तर 'नको गो बाय, हात लावू नको' म्हणते. रात्र सरत नाही, म्हणते." हे वहीत नव्हतं. आजारच तसा, त्यात केंद्राचा काय दोष, असं ताईंनी धरून चाललं होतं.

आजारी माणूस तोंडाने "बरं आहे" म्हणेल. आमच्या बायका तर मुलांना काळजी नको म्हणून हटकून म्हणतात. पण आखडलेली बोटं, आठ्या, स्पर्शाला नकार, यांवरून दुखणं कळतं. शिवाय संध्याकाळी शांत असणारी बाई सकाळी पिळवटलेली दिसते, म्हणजे रात्री काहीतरी राहून जातंय.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर सुमारे ४ तास टिकतो. म्हणून ती दुखल्यावर न देता घड्याळ लावून देतात: ६, १०, २, ६, १०. रात्री २ ला उठवायचं नसेल तर डॉक्टर बहुधा १० वाजताची मात्रा वाढवून देतात. ताईंना मी औषधांचा तक्ता मागायला सांगितलं. तो बघणं हा नातेवाइकांचा हक्क आहे, त्यात चोरटं वाटण्यासारखं काही नाही. त्यांनी फोटो काढून आणला. रात्री १० ला नेहमीचीच एक गोळी, पुढची थेट सकाळी ६ ला. मधली चौकट रोज रिकामी.

पुढच्या भेटीला मी भावालाही बोलावलं. केंद्रात काय विचारायचं याची आम्ही चक्क तालीम केली. "तुम्ही हयगय करता" असं सुरू केलं की समोरचा स्वतःला वाचवू लागतो. म्हणून प्रश्न एवढाच ठरवला: रात्री अडीच वाजता आईला दुखलं, तर तिला कोण, काय आणि किती वेळात देतं?

तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सिस्टर १० ची गोळी देऊन घरी जातात, मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ. रात्री फक्त एक मदतनीस मावशी. मावशी प्रेमळ, कूस बदलतात, पाणी देतात, पण औषधाला हात लावू शकत नाहीत. मॉर्फिन कुलपात ठेवणं, गोळीगोळीचा हिशेब ठेवणं बरोबरच आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं देशभर एकाच नियमाने सोपं झालं. प्रश्न कुलपाचा नव्हता. रात्री ते उघडायचा अधिकार असलेलं माणूसच तिथे नव्हतं.

डॉक्टरांनी १२ तास टिकणारी गोळी सुरू केली आणि मध्येच कळ आली तर द्यायची जादा मात्रा लिहून ठेवली. रात्रीची सिस्टर नेमायला केंद्राने वेळ घेतला. तोवर भाऊ तिथेच झोपू लागला, जादा गोळी कधी द्यायची हे डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन. पुढे एका रविवारी आईने अंग पुसू दिलं आणि केसही विंचरून घेतले, असं ताईंनी मला फोनवर सांगितलं.

त्या मावशींकडूनच आणखी एक गोष्ट कळली. रात्री जाग आली की आई म्हणायची, पोरं आपसात बोलत नाहीत, माझ्यामागे यांचं कसं होणार. मुलांना वाटत होतं, आपला अबोला तिच्यापर्यंत पोचलेला नाही. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या काळज्यांचं आणि श्रद्धेचं मिळून एकच असतं, हे त्यांनी ठासून मांडलं. म्हणून मी कुटुंबांना सांगते, केंद्रातल्या एखाद्या कर्मचाऱ्याला सहज विचारा, "आमच्या आईला सध्या कशाची काळजी लागलीय?" कुणालाच काही सांगता आलं नाही, तर तिथे शुश्रूषा होत असेल, पण आईशी कोणी बोलत नाही.

आता जे कुठेही बघता येईल ते सांगते. भेटीची वेळ बदलत राहा. रोज संध्याकाळी पाचलाच गेलात तर पाचचंच केंद्र दिसेल. पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाडाची जागा बघा. तिथली कातडी लाल झाली असेल आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल, तर जखमेची ती सुरुवात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. एअर बेड असला तरी ते चुकत नाही. फार थकलेल्या शरीराला चांगल्या सेवेतही कधी जखम होते. पण ती केंद्राने आपणहून दाखवली, की तुम्हाला अचानक सापडली, यात मोठा फरक आहे. तोंड उघडायला सांगा. जिभेवर पांढरा थर असेल, ओठ फुटले असतील, तर तोंडाची निगा राखली जात नाही. मॉर्फिन चालू असेल तर शौचाला कधी झालं ते विचारा. या औषधाने बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं. सिस्टरने "परवा झालं, आज नाही झालं तर उद्या एनिमा देऊ" असं तिथल्या तिथे सांगितलं, तर त्या केंद्रावर माझा निम्मा विश्वास बसतो.

इमारत, टीव्ही, एसी यांना मी फारशी किंमत देत नाही. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झालं. गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे आणि तिथली सेवा विनामूल्य आहे. म्हणजे पैसे जास्त तिथे सेवा चांगली, हा हिशेब या क्षेत्रात चालत नाही. देशातल्या पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेच्या) जाणकारांनी किमान मानकांची यादी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. वेदनेचं मोजमाप करून नोंद ठेवणं आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन खंड न पडता उपलब्ध असणं, या गोष्टी तिच्यात अत्यावश्यक म्हणून आहेत. तेव्हा दाखल करतानाच विचारा: दुखणं ० ते १० मध्ये रोज लिहिता का? मॉर्फिन आहे का? "आम्ही तशी औषधं वापरत नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर कर्करोगाचा रुग्ण तिथे ठेवू नका.

आणखी एक बोलणं दाखल करतानाच व्हायला हवं. श्वास लागला, शुद्ध हरपली, तर पुढे काय? मोठ्या इस्पितळात हलवायचं, की इथेच आराम द्यायचा? आई शुद्धीत असताना तिचं मत विचारून लिहून ठेवावं. अशा वेळी कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. चांगलं केंद्र हा विषय स्वतःहून काढतं. ताईंच्या आईने "मला आता कुठे नेऊ नका" एवढंच सांगितलं आणि ते फाइलवर लिहिलं गेलं. काही आठवड्यांनी त्या तिथेच गेल्या, दोन्ही मुलं जवळ असताना. नंतर ताई माझ्याकडे येत राहिल्या, पण तो दुःखाचा भाग वेगळा.

राहिली ती तक्रार केल्यावर आईचे हाल होतील ही भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण नेमका, लेखी आणि सभ्य प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबाच्या माणसाकडे सहसा जास्त लक्ष दिलं जातं, हे मी वारंवार पाहिलं आहे. केंद्र बदलायचा निर्णय मात्र रागात घेऊ नका. मणक्याच्या रुग्णाला अँब्युलन्समधला प्रत्येक खड्डा कळतो. वेदना सांगूनही दुसऱ्या दिवसापर्यंत औषधात काही बदल झाला नाही, जखम लपवली, तक्ता दाखवायला नकार दिला किंवा अवेळी भेटायला मज्जाव केला, तर बदला, आणि उशीर करू नका. निघण्यापूर्वी नव्या ठिकाणी फोन करून रात्री अडीचला कोण असतं ते विचारा, आणि वाटेत दुखू नये म्हणून प्रवासाआधीची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या.