‘ताई, तिकडच्या शाळा कशा आहेत?’

न्यू जर्सी सोडून टेक्सासला, कॅलिफोर्निया सोडून नॉर्थ कॅरोलायनाला निघालेली मराठी कुटुंबं मला हा प्रश्न हमखास विचारतात. ‘कशा’ म्हणजे दहापैकी किती, एवढंच त्यांना हवं असतं. मी पुण्यातून ऑनलाइन बोलते. माझे सकाळचे सात म्हणजे त्यांची रात्र; मुलं झोपलेली, मागे डिशवॉशर घरघरतोय. अकरा वर्षं मी स्वतः न्यू जर्सीत काढली, माझी दोन्ही मुलं तिथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकली. (पब्लिक म्हणजे सरकारी, फुकट. आपल्याकडच्या महागड्या ‘पब्लिक स्कूल’शी गल्लत नको.) त्यामुळे लोकांना मी समुपदेशक कमी आणि चौकशीची खिडकी जास्त वाटते. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू? या आवडीपायीच पुढच्या गोष्टीतली पहिली दोन सेशन्स वाया गेली.

मेधा आणि समीर, न्यू जर्सीत राहणारे. नावं बदलली आहेत. समीरला कंपनीने नॉर्थ कॅरोलायनात, रिसर्च ट्रँगल पार्कच्या ऑफिसात बोलावलं होतं. म्हणजे राहायला केरी, मॉरिसव्हिल नाहीतर एपेक्स. मुलगा पाचवीत, मुलगी चार वर्षांची.

पहिल्या दिवशी मेधाने नमस्कार करता करताच स्क्रीन शेअर केली. एक्सेलमध्ये अडतीस शाळा, नऊ रकाने, हिरवा-पिवळा-लाल रंग. ग्रेटस्कूल्स या शाळांना दहापैकी आकडा देणाऱ्या वेबसाइटचं रेटिंग सगळ्यात डावीकडे, ठळक अक्षरात.

‘आठच्या खालची चालणारच नाही, ताई.’

मी लगेच मास्तरीण झाले. तो आकडा कसा वाचायचा हे तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते, कारण माहिती म्हणून ते खरंच आहे. घराच्या जाहिरातीशेजारी दिसणाऱ्या अशा आकड्यात परीक्षेच्या गुणांचा वाटा मोठा असतो. आणि गुण सगळ्यात जास्त कशाशी जुळतात, तर घरच्या परिस्थितीशी. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने हे लाखो मुलांच्या चाचण्यांवरून दाखवलं, तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली होती. म्हणजे नऊ रेटिंगची शाळा बऱ्याचदा तुम्हाला त्या वस्तीतले पगार आणि आईबापांच्या डिग्र्या सांगत असते. शाळेने मुलाला वर्षभरात किती पुढे नेलं, हा हिशोब वेगळा. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले, तर शिकागोसारख्या ‘वाईट’ म्हणून बदनाम शहरातली मुलं पाच वर्षांत सरासरीने सहा वर्षांइतकं शिकताना दिसली. गुण कमी होते, पण चढ दमदार होता.

नॉर्थ कॅरोलायनात राज्य सरकारच प्रत्येक शाळेला ए ते एफ अशी श्रेणी देतं. त्यात ८० टक्के वजन गुणांना आणि फक्त २० टक्के प्रगतीला. पण प्रगतीचा शेरा वेगळा छापलेला असतो: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, अपेक्षेपेक्षा कमी. आधी तो वाचा, अक्षर नंतर बघा. आणि दोन राज्यांच्या ‘पास’ मुलांची टक्केवारी शेजारी ठेवू नका. परीक्षा वेगळी, पासची रेघही वेगळी. राज्याराज्यांची तुलनाच करायची असेल तर चौथी आणि आठवीच्या मुलांची जी राष्ट्रीय चाचणी होते, नेप, तिचे निकाल आहेत.

मेधाने सगळं टिपून घेतलं. पुढच्या वेळी शीटला तेरा रकाने होते.

दुसऱ्या सेशनला मी पत्त्याचं प्रकरण काढलं. न्यू जर्सीत गावागणिक वेगळं स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारं मंडळ), गाव निवडलं की निम्मं काम झालं. केरी वगैरे ही सगळी गावं मात्र वेक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), आणि आख्ख्या काउंटीचं डिस्ट्रिक्ट एकच, दीड लाखावर मुलांचं. पत्त्यावरून शाळा ठरते, पण ती शाळा भरली असेल तर नव्याने राहायला आलेल्यांना दुसरीकडे पाठवतात. नव्या शाळा उघडल्या की हद्दीही बदलतात. शाळेसाठी म्हणून जास्त पैसे मोजून घर घ्यायचं, आणि मुलाची बस जायची भलत्याच शाळेकडे, असं तिथे होऊ शकतं. म्हणून पहिलं वर्ष भाड्याने राहा, हा माझा सल्ला. घराच्या एजंटला ‘इथली शाळा चांगली आहे का’ असं विचारलंत तर तो बहुधा एखाद्या वेबसाइटकडे बोट दाखवेल. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यापासून एजंट मंडळी या प्रश्नाला जपून असतात, कारण ‘चांगली शाळा’ म्हणता म्हणता ‘अमक्या वंशाचे लोक’ सुचवलं जातं.

तिसऱ्या सेशनला सतरा रकाने. या वेळी समीरही होता, तिच्या शेजारी, हात घडी घालून. अडतीसपैकी एक शाळा सगळ्या रकान्यांत हिरवी झाली होती. मला मनातून बरं वाटलं, आपण शिकवलेलं कामी आलं म्हणून.

‘पण ताई, इथे ऑर्केस्ट्रा सातवीपासून आहे, सहावीपासून नाही.’

‘मुलगा व्हायोलिन वाजवतो?’

‘नाही.’

‘दुसरं काही?’

‘नाही. पण उद्या त्याला वाटलं तर?’

समीरने छताकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. नऊ, तेरा, सतरा हे आकडे मी सवयीने लिहून ठेवले होते, इतके दिवस ते नुसतेच पडून होते. मी म्हटलं, ‘मेधा, एखादी शाळा पास होत आली की तुम्ही एक रकाना वाढवता, असं मला दिसतंय.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. डिशवॉशरचा आवाज तेवढा येत होता. मग तिने स्क्रीन शेअर करणं बंद केलं, आणि तीन सेशन्समध्ये पहिल्यांदा तिचा चेहरा मला मोठा दिसला.

‘मला जायचंच नाहीये.’

तिच्या बोलण्यात ‘च’ पुष्कळ येऊन गेले होते, सगळे शाळेबद्दल. हा पहिलाच तिचा स्वतःचा.

‘मग आधी का नाही सांगितलंस?’ समीर.

‘सांगत होतेच की. तीन महिने शाळा-शाळा करतेय, ते काय होतं?’

या वाक्यावर मी पुढे कित्येक दिवस विचार करत होते. आपल्या घरांत ‘मला नको’ या दोन शब्दांना वजन नसतं, विशेषतः नवऱ्याच्या नोकरीपुढे बाईने म्हटले तर. ‘मुलांच्या शाळेचं काय?’ याला मात्र सासूपासून साहेबापर्यंत सगळे थांबतात. म्हणून मनातला नकार शाळेच्या कपड्यांत बाहेर पडतो. तो शाळेच्या माहितीने फिटत नाही, उलट फुगतो, आणि मी दोन सेशन्स त्याला माहितीच भरवत होते. तक्रार एकाच्या तोंडून आली तरी ती सगळ्या घराची असते असं मी धरून चालते. ते इथे विसरले, कारण ऐकण्यापेक्षा मला माझी न्यू जर्सीची अकरा वर्षं मिरवायची होती.

पुढचा तास शाळेचं नावही निघालं नाही. मेधा एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे मिळणाऱ्या व्हिसावर आलेली. काम करायची परवानगी मिळेपर्यंत वर्षं गेली. मग गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम, तिच्या नावाचा पहिला पगार. जानेवारीत लायब्ररीने पूर्णवेळ विचारलं. त्याच आठवड्यात समीरच्या बदलीची ईमेल आली, आणि लायब्ररीचं ती घरी बोललीच नाही. समीरला हे त्या सकाळी, म्हणजे त्यांच्या त्या रात्री, पहिल्यांदा कळलं. तो रागावला नाही, पण पटकन काही बोललाही नाही. मला ते आवडलं. पटकन बोललेलं सहसा समजूत घालणं असतं.

निर्णय मी दिला नाही, देतही नाही. त्यांनी ठरवलं ते असं: समीरने मार्चमध्ये पुढे जायचं, शाळा संपल्यावर जूनमध्ये तिघांनी, आणि त्याआधी मेधाने एकटीने चार दिवस जाऊन सगळं बघून यायचं. मुलगा तसाही सहावीत मिडल स्कूलला जाणार, म्हणजे इमारत कुठेही राहिलं तरी बदलणारच होती. सतरा रकाने भरताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर शाळांचा प्रश्न पुन्हा निघाला तो साध्या प्रश्नासारखा, आणि आता माझी चौकशीची खिडकी उघडायला हरकत नव्हती. मी मेधाला सांगितलं, रेटिंगआधी गैरहजेरी बघ. वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं शाळेत किती, याचा आकडा बहुतेक राज्यं शाळेच्या प्रगतिपुस्तकात देतात. शाळेत यावंसं वाटतं का, हे त्यातून जितकं कळतं तितकं गुणांतून कळत नाही. मग ऑफिसात जाऊन दोनच प्रश्न विचार. मुख्याध्यापक किती वर्षं इथे आहेत? आणि नवं मूल आलं तर पहिल्या आठवड्यात त्याच्यासोबत कोण असतं? दुसऱ्या प्रश्नावर काउंटरमागची बाई ‘म्हणजे?’ म्हणाली तर समजून जा. एका शाळेत मेधाला एका मुलीचं नाव घेऊन सांगितलं, ‘हिला देतो सोबत, ही स्वतः गेल्या वर्षी आली.’ त्या शाळेचं रेटिंग सहा होतं.

कॅलेंडर बघ. वेक काउंटीत काही शाळा वर्षभर चालतात, जुलैत सुरू होतात; साधारण नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, मुलांचे चार गट आलटून पालटून. दोन्ही आईबाप नोकरी करणार असतील तर ऑक्टोबरात तीन आठवडे मूल कुठे ठेवायचं, हे ऑर्केस्ट्रापेक्षा मोठं.

वयाची तारीख बघ, म्हणजे मूल कधीपर्यंत पाच वर्षांचं झालं तर त्या वर्षी किंडरगार्टनला घेतात ती. न्यू जर्सीतल्या त्यांच्या गावात १ ऑक्टोबर, नॉर्थ कॅरोलायनात ३१ ऑगस्ट. मेधाची मुलगी २० सप्टेंबरची. म्हणजे तिकडे किंडरगार्टन एक वर्ष पुढे, आणि तेवढा डेकेअरचा खर्च. शीटमध्ये हा रकाना नव्हताच.

शाळेत नाव घालताना भरायच्या भाषेच्या फॉर्मचंही सांगते, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हटकून चुकीचा सल्ला फिरतो. घरची भाषा ‘इंग्लिश’ लिहा, नाहीतर मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील, म्हणे. मराठी बोलता तर मराठी लिहा. फार तर इंग्रजीची छोटी चाचणी होईल. येत असेल तर विषय तिथेच संपतो. आणि मुलाची आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने लिहून दिलेली सोयींची योजना) असेल तर घाबरू नका. नव्या राज्यातल्या शाळेला स्वतःची तपासणी होईपर्यंत तशाच सोयी द्याव्या लागतात, तसा केंद्राचा कायदाच आहे. फक्त कागद सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. नॉर्थ कॅरोलायनाच्या शाळेत पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाची आरोग्य तपासणीही ३० दिवसांत द्यावी लागते.

आठवी-नववीची मुलं असतील तर गणिताचं आधी विचारा. न्यू जर्सीत अल्जिब्रा, मग जॉमेट्री. नॉर्थ कॅरोलायनात मॅथ वन, टू, थ्री असं मिसळून. मधेच गेलेलं मूल एखादा भाग दोनदा शिकतं आणि एखादा शिकतच नाही.

ऑगस्टच्या शेवटी मेधाचा मेसेज आला. ज्या शाळेसाठी ते अपार्टमेंट घेतलं होतं, ती भरलेली निघाली. मुलाला पलीकडची मिळाली, रेटिंग दोनने कमी. ‘आज बसमध्ये बसला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही मेल्याने.’ खाली अजून एक ओळ होती: ‘गुरुवारी काउंटी लायब्ररीत मुलाखत आहे. समीर सुट्टी घेतोय.’