बारावी झाली, लातूरला आहे. सुट्टीत काय वाचू, काय ऐकू? जवळपास मैफल कुठे ऐकायला मिळेल?

आधी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घे. कादंबरी १९७१ची, पण जाडजूड नाही. शिंप्याची बायको घराची वाताहत आपल्याच बोलीत सांगते. पहिली चार पानं मोठ्यानं वाच, आपल्याच गल्लीतली बाई बोलतेय असं वाटेल. मग आसाराम लोमटे यांचं 'आलोक'. त्या कथा आहेत, कादंबरी नाही, पण चालतंय की! ऐकायला भीमसेन जोशींचे अभंग. 'तीर्थ विठ्ठल' नामदेवांचा, म्हणजे आपल्या हिंगोलीकडच्या नरसीचा. रील्समधला तुकडा नको, अख्खा ऐक. मैफलीसाठी नोव्हेंबरअखेर अंबाजोगाई गाठ. यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय गाणं असतं. रात्री परतीच्या एसटीचं तेवढं आधीच विचारून ठेव.