एका हाडावरून अख्खं जंगल कसं कळतं? आणि नागपूरजवळ खरे जीवाश्म आहेत का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सातवीत आहे, डायनासोरांची नावं त्याला तोंडपाठ आहेत, आणि आता तो विचारतो, "हाडं सापडली हे ठीक, पण ते काय खायचे, भोवती झाडं कोणती होती, हे कसं कळलं?" फार चांगला प्रश्न आहे. नावं पाठ करण्याच्या पुढची पायरी आहे ही. मी भूशास्त्र नागपुरातच शिकलो, म्हणून उत्तर इथल्याच दगडांतून देतो.

नुसत्या हाडावरून जंगल कळत नाही, हे त्याला आधी सांगा. चंद्रपूरच्या वाटेवर वरोरा लागतं. त्या भागात डोंगरगावला १९८० च्या दशकात एका लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा खणून काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय या जीवाश्म-अभ्यासकांनी १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि २००३ पासून तो इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. मणके, फासळ्या, कमरेची हाडं, पुढचा पाय असं बरंच काही मिळालं, पण कवटी मिळाली नाही. कवटी नाही म्हणजे दात नाहीत, आणि दात नाहीत म्हणजे त्याने काय खाल्लं हे सांगायला त्या सांगाड्यात फारसं काही उरत नाही.

उत्तर मिळालं त्याच परिसरातल्या पिसदुऱ्याला, आणि तेही शेणात! पिसदुऱ्याच्या शेतांमध्ये दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मोठ्या संख्येने सापडतात. त्यांना कॉप्रोलाइट म्हणतात. सी. ए. मॅटली या भूशास्त्रज्ञाने १९३९ मध्येच त्यांच्यावर लिहिलं होतं. गोठ्यातलं शेण बघून गुरं कुठे चरली हे जुनी माणसं सांगतात, तसंच हे काम आहे, फक्त मधे साडेसहा कोटी वर्षं गेली आहेत.

आत काय मिळतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. झाडं जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूत असते ते द्रव्य, ओढून घेतात आणि ती त्यांच्या पेशींमध्ये साचते. असे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, पोटात पचत नाहीत आणि पान कुजलं तरी टिकतात. शिवाय वनस्पतीच्या गटानुसार त्यांचे आकार वेगळे असतात. कॉप्रोलाइटचा तुकडा रसायनात विरघळवायचा, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि आकार ओळखत बसायचं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी हे केलं, तेव्हा ताड, सूचिपर्णी अशा वनस्पतींबरोबर गवतही निघालं. २००५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ उडाली, कारण डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं तोवर बहुतेकजण धरून चालले होते. पुढे २०११ मध्ये त्याच कामातून भाताच्या गटातल्या गवताचे पुरावे मांडले गेले. भंडारा-गोंदियाच्या धानाचे दूरचे नातलग डायनासोरांच्या पोटातून गेले होते, हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

गवत हा त्यांच्या आहाराचा लहानसा भाग होता, हेही मुलाला सांगा, नाहीतर तो डायनासोर गाईसारखे चरताना काढेल. आणि हे गोळे इसिसॉरसचेच, असं कुणी छातीठोक म्हणत नाही. त्याच थरात अशा लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची हाडं भरपूर आहेत, म्हणून ते त्यांचे मानले जातात. पुराव्याला त्याची मर्यादा असते, आणि ती ओळखणं मला या शास्त्रातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

बाकीचं चित्र बारीकसारीक गोष्टींनी भरतं. त्या थरातल्या चुनखडीच्या गाठी सांगतात की हवा कोरडी-ओली अशी आलटूनपालटून होती. कासवांची कवचं आणि गोगलगायींचे शंख पाणी जवळ असल्याचं सांगतात.

मग ज्वालामुखीचा लाव्हा आला आणि थिजून त्याचा काळा दगड झाला. नागपुरातला बर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, ती या लाव्ह्याचीच. दख्खनच्या काळ्या दगडाची पूर्वेकडची कड नागपुरातच येऊन संपते. लाव्हा सलग वाहत नव्हता. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यात जीव रुजायचे आणि पुढचा प्रवाह सगळं झाकून टाकायचा. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्याच टाकळीच्या अशाच थरातून १८५० च्या दशकात शंख, बिया आणि कीटकांचे पंखसुद्धा गोळा केले. विचार करा, भुंग्याचा पंख! छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला तर फळं-फुलं गारगोटीसारख्या दगडात इतकी नीट जपली गेली आहेत की पातळ काप घेतला तर पेशी दिसतात. मला विचाराल तर एका मोठ्या मांडीच्या हाडापेक्षा असा एक काप जास्त बोलतो.

कामठीकडच्या वालुकाश्मात याहून कितीतरी जुनी, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासची ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं आहेत. आपला कोळसा त्याच वनस्पतींच्या काळातला. ही पानं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही मिळतात, कारण तेव्हा हे भूभाग एकत्र होते.

बघायला कुठे जाल? सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. संग्रह दाखवतील का, कधी दाखवतील, हे आधी विचारून मगच मुलाला न्या. सुट्टी मोठी असेल तर गडचिरोलीत सिरोंच्याजवळचं वडधम जीवाश्म उद्यान बघा. तिथे दगड झालेले झाडांचे बुंधे आहेत. प्रवास लांबचा आहे, मुक्कामाच्या तयारीने जा.

पिसदुऱ्याला गेलात तर शेतमालकाला विचारल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नका, आणि कृपा करून काही उचलून आणू नका. कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता ही माहिती तुटली की त्या दगडाला अभ्यासात काही किंमत राहत नाही. त्याऐवजी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद घ्या आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. मुलाला एक दहापटीचं भिंग तेवढं घेऊन द्या. फायटोलिथ त्यातून दिसणार नाहीत, पण शंखांवरच्या रेषा नक्की दिसतील.