आईच्या रक्तातील वारेचा डीएनए

प्रश्न : माझ्या सुनेचे वय ३६ असून तिला बारावा आठवडा सुरू आहे. डॉक्टरांनी एनआयपीटी ही रक्ततपासणी सुचवली आहे. आईच्या रक्तावरून बाळाचा दोष कसा कळतो? ही तपासणी केली तर गर्भजल तपासणी टळते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : या तपासणीचे मूळ हाँगकाँगचे संशोधक डेनिस लो यांच्या कामात आहे. आईच्या रक्तात बाळाच्या काही पेशी उतरतात हे पूर्वीच ठाऊक होते आणि ऑक्सफर्डमध्ये असताना लो यांनी त्या शोधण्यात कित्येक वर्षे घालवली, परंतु त्या इतक्या विरळ असतात की त्यांच्यावर भरवशाची तपासणी उभी राहीना. कर्करोगाच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) सापडतो, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गाठीसारखीच आईच्या शरीरात वाढणाऱ्या वारेचा (प्लेसेंटाचा) डीएनएही तसाच आईच्या रक्तात येत असला पाहिजे, असा विचार त्यांनी केला. पेशी वेगळ्या केल्यावर उरणारे, एरवी टाकून दिले जाणारे रक्तद्रव त्यांनी तपासले. मुलगा पोटात असलेल्या ३० गर्भवतींपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात, फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राचे तुकडे आढळल्याचे त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. मला हा शोध विलक्षण वाटतो तो यासाठी, की त्यात बाळापर्यंत सुई न्यावीच लागत नाही.

पुढे २००८ मध्ये रक्तद्रवातील डीएनएच्या लाखो तुकड्यांची मोजणी करून डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष ओळखता येतो, हे लो यांच्या गटाने आणि त्याच सुमारास अमेरिकेतील एका गटानेही दाखवले. रक्तद्रवातील डीएनएपैकी सुमारे दहा टक्के वारेचा असेल आणि बाळात एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असतील, तर त्या गुणसूत्राचे जिथे १०० तुकडे अपेक्षित आहेत तिथे १०५ मिळतात. एवढा बारीक फरक पकडायचा म्हणूनच तुकडे प्रचंड संख्येने मोजावे लागतात.

आता आपला दुसरा प्रश्न. बाळाचा म्हणून तपासला जाणारा हा डीएनए मुख्यतः वारेचा असतो, आणि क्वचित वारेतील पेशींत दोष असूनही बाळ निर्दोष असते. त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेली ९९ टक्क्यांच्या आसपास बाळे ही तपासणी ओळखत असली, तरी ती छाननी आहे, निदान नाही. अहवालात जोखीम कमी आली, तर गर्भजल तपासणीची गरज बहुधा पडत नाही. जोखीम जास्त आली, तर मात्र गर्भजल तपासणीने खात्री करून घेतल्यावाचून गर्भपाताचा निर्णय कृपया घेऊ नका. ती पंधराव्या आठवड्यानंतर करता येते. हृदयाचे किंवा मणक्याचे व्यंग रक्तातून दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी चुकवू नये.

लो यांचा पहिला पुरावा वाय गुणसूत्राचा होता, म्हणजे याच रक्तातून बाळाचे लिंगही कळते. भारतात ते सांगणे आणि विचारणे, दोन्ही गुन्हा आहे. तपासणी नोंदणीकृत केंद्रातच करावी. अहवालात वारेच्या डीएनएचे प्रमाण किती टक्के आहे ते अवश्य पाहा. ते चारपेक्षा कमी असेल, तर बहुतेकदा निष्कर्ष मिळत नाही आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे लागते.