मांडी घालून, उकिडवं, पोक काढून बसणं : इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

मांडी घालण्याला 'फोल्डिंग लेग्ज' म्हणतात असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर तो बहुधा आमच्याच सरांचा विद्यार्थी असणार.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं. दहावीत आजीवर निबंध होता. मी भावाच्या जुन्या डिक्शनरीतून शोधून लिहिलं, 'शी सिट्स क्रॉस-लेग्ड ऑन द फ्लोअर.' सरांनी लाल गोल केला आणि भर वर्गात विचारलं, "क्रॉस लेग म्हणजे पायावर पाय टाकून. तुझी आजी ओट्यावर साहेबासारखी बसते का रे?" पोरं खो खो हसली. दुसऱ्या दिवशी मी डिक्शनरी घेऊन गेलो. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही, मला मात्र कोंबडा केलं. अर्धा मार्क गेला तो गेलाच.

खरं तर आजी बऱ्याचदा मांडी घालायचीच नाही. विळीवर बसली की एक पाय आडवा दुमडलेला, दुसरा विळीच्या पाटावर दाबलेला, गुडघा पार छातीशी, आणि दोन्ही हातांनी वांगं पात्यावर सरकतंय. याला इंग्रजीत सुटसुटीत जोडी नाही, त्यांच्याकडे भाजी उभ्यानेच चिरतात. 'विथ वन नी ड्रॉन अप' म्हणा, भागेल.

तर मांडी म्हणजे 'सिट क्रॉस-लेग्ड', शेवटचा 'ड' खाऊ नका. खुर्चीत पायावर पाय असेल तर 'विथ हर लेग्ज क्रॉस्ड'. उकिडवं बसायला 'स्क्वॉट' पुरे, त्याला 'सिट' कशाला चिकटवायचं? पोक काढणं 'स्लाउच'. ताठ बसणं 'सिट अप स्ट्रेट', पण आजारी माणूस 'सिट्स अप' म्हणजे तो उठून बसला. आरामखुर्चीला 'इन', स्टुलाला 'ऑन'. बाकीचं डिक्शनरीत बघा, ती उघडायची असते.

हां, खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेल्यालाही 'क्रॉस-लेग्ड' म्हणणारे आहेत. म्हणजे सर अगदीच चूक नव्हते. पण ओट्यावरच्या आजीला ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि माझा निबंध तिच्यावरच होता.

मागच्या वर्षी फैजपूरकडच्या एका लग्नात सर भेटले. वरण-बट्टीची पंगत जमिनीवर. सरांचे गुडघे गेलेत, मांडी जमेना, एक पाय लांब सोडून बसले. मी घोटलेल्या वांग्यांची बादली घेऊन वाढत होतो. म्हणाले, "आता मांडी घालता येत नाही रे." मी म्हटलं, "सर, इंग्रजीत सांगा."

त्यांनी वर पाहिलं आणि ताट पुढे केलं. "वाढ. तुझी आजी साहेबासारखीच बसायची."